तांबड्या खाणीतल्या सहा पेट्या

हुमनाबादहून गुलबर्ग्याकडे उतरताना तांबडं पठार एका ठिकाणी संपतं आणि पुढं काळी जमीन लागते. ते संपण्याच्या जरा अलीकडं, सडकेपासून मैलभर आत, एक जुनी दगडखाण आहे. दगड तांबडा, भोकाभोकांचा. कोकणात याला जांभा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. या दगडाची रीत निराळी आहे. जमिनीखाली ओलीत असतो तोवर तो मऊ असतो, टिकावानं खरवस कापावा तसा कापता येतो. बाहेर काढून वारा लागला की महिन्या दोन महिन्यांत असा टणक होतो की तोच टिकाव त्याच्यावरून उसळतो. म्हणून चांगला दगड हवा असेल तर खाणीत आत आत शिरावं लागतं. त्या खाणीत वडारांच्या चार पिढ्या अशाच आत शिरत गेल्या होत्या, आणि भिंतीच्या पोटात मोठमोठी दालनं तयार झाली होती. आमच्याकडं त्यांना गवी म्हणतात.

मोठ्या लढाईच्या काळात निजाम सरकारच्या फौजेनं ती खाण ताब्यात घेतली. गवीत थंडावा, वर वीस हात दगड, गावापासून दूर. दारूगोळा ठेवायला याहून चांगली जागा कुठली! वडारांना उठवलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, हिंदुस्थानी फौजेच्या लॉऱ्या आल्या, दहा-बारा दिवस पेट्या वाहत राहिल्या, आणि मग खाण ओस पडली. तीन-चार वर्षांनी एक वडार कुटुंब आपल्या वाडवडिलांच्या खाणीत परत आलं. त्यांना तिथं दगड कापायचा होता आणि तिथंच राहायचं होतं. त्यांना दुसऱ्यांदा उठावं लागलं ते माझ्यामुळं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता पन्नाशीला आलोय, म्हणून लिहितो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, खाणीजवळच्या गावात मास्तर. आमचं घर आळंद भागातलं, गळ्यात लिंग बांधणारं, कापडाच्या दुकानाचं. घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी आणि शाळेत उर्दू, असा मी वाढलेला. त्या गावात उर्दू वाचणारा मी एकटाच उरलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला गर्व होता. जुन्या राजवटीतला कुठलाही कागद निघाला की माझ्याकडं यायचा.

शाळेला स्वतःच्या खोल्या नव्हत्या, ती एका जुन्या वाड्यात भरायची. दोन खोल्या बांधायचं ठरलं, दगड त्याच खाणीतून घ्यायचा ठरला आणि काम त्या वडारांना मिळालं. काम नीट झालं तर खाण कापायचा परवाना त्यांच्या नावावर करून देऊ, असं गावातल्या पंचांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांचं सगळं लक्ष त्याच्यावर होतं. दगड किती झाला बघायला म्हणून मी एके रविवारी गेलो, आणि मग दर रविवारी जाऊ लागलो. दगड हे निमित्त होतं. मला गवीचं वेड लागलं होतं.

पहिल्या गवीच्या तोंडाशी भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लांब फळी कोरलेली होती. वरचा दगड झिजून गुळगुळीत झालेला. मी वाकून तिच्यावर हात फिरवत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"काय बघायलाव मास्तर? सोनं न्हाई तिथं."

ती त्या कुटुंबाची कर्ती बाई. पस्तिशीची असेल. नवरा, दीर, जाऊ, म्हातारा सासरा, सगळे तिच्या शब्दात. मी तिला अक्का म्हणायचो.

"ही फळी कशाला कोरलीय अक्का?"

"बूट ठेवायला."

"कुणाचे?"

"सिपायांचे. गवीत जायचं तर बूट काढून. नालाची ठिणगी पडली की सगळे वर. देवळात जाताना काढायला कुरकुर करत्यात, पण हितं कसे गुमान काढायचे बघायला पायजे होतं तुम्ही."

"मग पेट्या आत कोण न्यायचं?"

"आमीच की. खाणीतून हाकललं, आन चार दिवसांनी बेगारीला परत बोलिवलं. आमच्या पायाला कुठं नाल हाय?" असं म्हणून तिनं पाय वर करून तळवा दाखवला. तळव्यावर दगडासारखीच भोकं होती. ती हसली. मला हसावं की नाही कळेना.

फौजेनं खाणीत जे जे करून ठेवलं होतं ते मी एकेक करून शोधत गेलो. दालनांना चुन्यानं घातलेले आकडे. ओल लागू नये म्हणून जमिनीवर टाकलेल्या लाकडी पट्ट्यांचे कुजके तुकडे. दोन गवींच्या मधल्या भिंतीत हातभर लांब-रुंद एक खिडकी होती, तिनं मला फार दिवस छळलं. उजेड येण्यासारखी ती नव्हती, दोन्हीकडं काळोखच. कडेनं एक खाच होती आणि खाचेत काचेचा तुकडा अडकलेला. एका बाजूला दगड काजळीनं काळा, दुसऱ्या बाजूला स्वच्छ. चौथ्या रविवारी एकदम उलगडा झाला. कंदील रिकाम्या गवीत ठेवायचा, उजेड काचेतून दारूच्या गवीत. ज्योत आणि दारू यांच्यामध्ये भिंत. मी पळतच बाहेर आलो आणि अक्काला सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली, "तसंच करायचे."

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कुठं इच्यारलाव? एवढं शिकलेलं माणूस, मला वाटलं दगडाची परीक्षा घ्यायलाव."

सासरा दगडावर बसून टिकाव घासत होता. सगळे त्याला तात म्हणत, मीही म्हणायचो. तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि सगळे हसले. काय म्हणाला, विचारलं, तर कुणी सांगेना.

एका भिंतीवर खिळ्यानं ओरखडून उर्दू लिहिलेलं होतं, खाली खाली उतरत गेलेल्या ओळी. अक्का म्हणाली, "हे तेवढं वाचून सांगा. मला वाटतं पेट्या मोजून लिवल्या असतील."

मी बॅटरी धरून वाचलं. कुणी पहारेकरी होता. दर जुम्म्याला एक ओळ. आज पत्र आलं नाही. आजही नाही. आज आलं, पण बहिणीचं. आज नाही. पुढच्या पाच-सहा ओळींत नुसतं 'नाही'.

अक्कानं त्या ओळींवरून बोट फिरवलं. "मुच्छड होता एक," ती म्हणाली. "लई शिव्या द्यायचा आमाला. तोच असंल." मग म्हणाली, "अक्षर म्हंजे नवलच हाय. आमी एवढ्या बारी हितनं गेलो, न्हाई कळलं."

त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढं जे घडलं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

सगळ्यात आतल्या गवीकडं मात्र ती मला नेत नसे. "तिकडं काय न्हाई. वाघळं हायत," एवढंच. तिथलाच दगड सगळ्यात मऊ होता, शाळेचा दगडही तिथूनच निघत होता, हे मला दिसत होतं. मग मला का नाही? एका रविवारी ते सगळे बाजाराला गेलेले, तेव्हा मी गेलो.

वाघळं होतीच. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर ताज्या टिकावांच्या रेघा दिसल्या. ओला दगड गाजरासारखा लाल. आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, लाकडी पेट्या. खाली तीन, वर तीन. कड्या दोरीनं बांधलेल्या. मी जवळ गेलो. प्रत्येकीवर काळ्या रंगात उर्दू अक्षरं होती. बारूद. आगीपासून दूर ठेवा.

वरच्या मधल्या पेटीवर हळद-कुंकू होतं.

मी मनाशी लगेच जुळवून टाकलं. फौज जाताना या पेट्या राहून गेल्या. या लोकांना त्या सापडल्या. हात लावायची भीती, म्हणून हळद-कुंकू वाहून ठेवलं. आमच्याकडं देवीचा फोड आला तरी हळद वाहतात, वारुळालाही वाहतात. ज्याची भीती त्याची पूजा. मला ते इतकं बरोबर वाटलं की दोरी सोडून बघावं, निदान एखादी पेटी हलवून बघावी, हे मनातसुद्धा आलं नाही. चप्पल तेवढी हातात घेतली आणि अनवाणी बाहेर आलो.

संध्याकाळी अक्काला विचारलं. तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही आत गेलाव?"

"त्यावर बारूद लिहिलंय अक्का. तुम्ही तिथंच टिकाव मारताय. एक ठिणगी..."

"न्हाई व्हत काय. मास्तर, पाया पडते, कुणाला बोलू नका. पावसाच्या आत काम होऊ द्या, परवाना हातात पडू द्या. मग मीच दाखवते."

"काय दाखवतेस?"

ती खरंच पायाशी वाकली. मी म्हणालो, "बरं, नाही बोलत."

मी सत्तावीस दिवस बोललो नाही. दिवस मोजले होते, म्हणून आकडा लक्षात आहे. रोज वाटायचं, आज धडाका ऐकू येईल. वर्गात पाटी आपटली तरी दचकायचो. तेव्हा पुढं मी बोललो ते माणसांच्या जिवाच्या काळजीनं, असं मला म्हणता आलं असतं, आणि बरीच वर्षं मी मनाशी तसंच म्हणत आलो. पण घडलं ते असं. पगाराच्या दिवशी तालुक्याला गेलो होतो. हॉटेलात कचेरीतले दोघं-तिघं, दोन मास्तर, वसुलीकडचा एक गिरदावर, असे बसलेले. एकजण गाणगापूरला पाहिलेल्या अंगात येण्याच्या गोष्टी रंगवून सांगत होता आणि सगळे त्याच्याकडं बघत होते. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी म्हणालो, "आमच्या गावात तर बारुदाच्या पेट्यांना हळद-कुंकू वाहतात." आणि सगळे माझ्याकडं वळले. मग मी सगळं सांगितलं. बुटांची फळी, काचेची खिडकी, पहारेकऱ्याची पत्रं, पेट्या. अर्धा तास कुणी चहाला हात लावला नाही. तसं मला जन्मात पुन्हा कधी कुणी ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी पोलिसांचा जमादार आणि दोन शिपाई आले. अक्षरं वाचायला मलाच बरोबर घेतलं. मी वाचली. पेटीला हात लावायचा नाही, सिकंदराबादहून फौजेतला जाणकार येईल तोवर खाण बंद, असा हुकूम झाला. खाणीच्या तोंडाला काटे लावले, एक शिपाई बसवला. वडारांची पालं उठवून सडकेपलीकडं लावली. अक्का आत जायला बघत होती. शिपायानं काठी आडवी धरली.

"कामून जायचंय?" जमादारानं विचारलं.

तिचा नवरा म्हणाला, "टिकाव राहिलाय आत." जमादार म्हणाला, "टिकाव पायजे का जीव?"

ती माझ्याकडं वळली. "मास्तर, तुम्ही सांगितलाव?"

मी म्हणालो, "नाही."

आठ-दहा दिवसांनी ती शाळेत आली. दुपारची सुट्टी होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, मीही आत ये म्हणालो नाही.

"त्या साहेबाला कळवा, म्हणावं लवकर या, पेट्या उघडून बघा. पाऊस आला तर खाण भरंल."

"अक्का, उघडताना उडाल्या तर?"

"न्हाई उडत."

"तुला काय माहीत?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. मग मागं बसलेल्या शाळेच्या शिपायाकडं तिची नजर गेली. "भरल्या पेटीचं वजन मला ठाव हाय मास्तर," एवढंच म्हणाली. "मी वाहिल्यात."

ती काय सांगत होती ते कळायला आणखी किती सांगायला हवं होतं? पण मला वाटलं, परवान्यासाठी जिवावर उदार झालीय. मी म्हणालो, "सरकारी काम आहे, आपल्या हातात नाही." मिरगाच्या आधी त्यांनी पालं उचलली. शाळेच्या खोल्या पुढं शहाबादी फरशीच्या झाल्या.

जाणकार दिवाळीनंतर आला. हिंदी बोलणारा, शांत, चष्मेवाला माणूस. आतल्या गवीत गुडघाभर पाणी होतं. आम्हाला दूर उभं करून तो एकटा आत गेला. थोड्या वेळानं त्याची हाक आली, "मास्टरजी, अंदर आइए. डरिए मत."

पेट्यांच्या आत जस्ताचा पत्रा होता. उंदरांना कुरतडता येणार नाहीत, कुणालाही हव्याशा वाटाव्यात अशा पेट्या. फौज जाताना रिकाम्या टाकून गेलेली. खालच्या तिन्हींत ज्वारी होती, पाणी शिरून मोड आलेली, मग कुजलेली. वरच्या एकीत छिन्न्या, पाचरी, दोन टिकाव. दुसरीत पितळी तांब्या-ताट आणि घडी न मोडलेलं एक हिरवं लुगडं. मधलीत लाल फडक्यात गुंडाळलेला, शेंदूर लावलेला मुठीएवढा दगड. त्यांची देवी.

जाणकार हसला. "आपने तो हमें ज्वार से डरा दिया." पंचनामा मलाच लिहायला सांगितला. ज्वारी, कुजलेली, तीन पेट्या. लुगडं, एक. मी लिहीत होतो आणि शिपायांचं बोलणं कानावर पडत होतं, की फौजेची पेटी घरात सापडली म्हणून शेजारच्या गावात कसा एकजण दोन महिने आत होता. अक्का का बोलली नाही ते मला तेव्हा कळलं. पेट्या सरकारजमा झाल्या. सामान कुणाचं म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोचवतो.

भालकीकडं सडकेच्या कामावर ते खडी फोडताना सापडले. खडी म्हणजे वडाराला मजुरी, दगड कापणं म्हणजे कसब. ते मला तोवर समजायला लागलं होतं. मी गाठोडं खाली ठेवलं. अक्कानं आधी लाल फडकं सोडलं, देवी हातात घेतली, कपाळाला लावली. तिनंच सांगितलं. तातच्या आजोबांनी पहिला दगड कापला त्या जागी ही देवी मांडलेली होती, तीच ती आतली गवी. फौजेनं हाकललं तेव्हा तातनं ती उचलून नेली होती. परत आल्यावर तिच्या जागी ठेवली, पण उघड्यावर कशी ठेवायची, परवाना होईतोवर पेटीत असू दे म्हणाले.

"सांगितलं ते मीच," मी म्हणालो. "हॉटेलात."

"ठाव हाय," ती म्हणाली.

तिचा नवरा उठून खडीकडं निघून गेला. तात मात्र माझ्याकडं सरकला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. "गवीत पाणी हाय?"

"गुडघाभर."

"मग बरं हाय," म्हातारा म्हणाला. "पाण्यात दगड कडक होत न्हाई. वारा लागला असता तर गेली असती खाण."

अक्कानं मान वर केली. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आशेचं होतं, आणि ते माझ्याकडं बघून आलं होतं. "आता तर कळलं ना त्यांना, काय न्हाई म्हणून? तुम्ही अर्ज लिवा मास्तर. तुमचं लिवणं साहेब मानतील. होळीपोतूर निरोप द्या. आमी हितंच हाव. न्हाईतर पोरीचं लगीन करून तेलंगणात कालव्यावर जायलाव."

मी अर्ज लिहिला. इतका चांगला अर्ज मी त्याआधी आणि त्यानंतर लिहिला नाही. चार पिढ्या, देवी, दगडाची रीत, सगळं. तालुक्याला स्वतः नेऊन दिला. माघाच्या शेवटी तो परत आला. फौजेनं वापरलेली जागा म्हणून खाण राखीव ठेवली आहे, कुणालाही परवाना मिळणार नाही. दोन ओळी.

पुढं बीदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, कचेऱ्या हलल्या, कागद कुठले कुठं गेले. त्या गडबडीत अर्ज हरवला असं मी लोकांना सांगत आलो. बायकोलाही तसंच सांगितलं. ते खोटं आहे. राज्य बदलायच्या कितीतरी आधी उत्तर माझ्या हातात होतं, आणि होळीला अजून वीस दिवस होते.

भालकीला मोटारीनं जायला तेव्हा अर्धा दिवस लागायचा. पहिल्या रविवारी म्हणालो, वरच्या साहेबाला भेटून बघू, मग जाऊ. दुसऱ्या रविवारी अंगात कणकण होती, पण ताप नव्हता. तिसऱ्या रविवारी मोटारीच्या थांब्यापर्यंत गेलो. मोटार आली, कंडक्टरनं विचारलं, "येताव का मास्तर?" मी म्हणालो, "न्हाई, एकाची वाट बघतोय."

वैशाखात गेलो. सडक पुढं सरकली होती. खडी फोडणारी टोळी दुसरी होती. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं सांगितलं, ते लोक पाडव्यापर्यंत थांबले होते. मुकादम दुसऱ्या कामावर नेत होता तरी गेले नाहीत, कुणाचा तरी निरोप यायचाय म्हणाले. मग गेले.

"कुठं?"

तिनं पूर्वेकडं हात केला आणि विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

मी मास्तर आहे, असं म्हणालो.